दोरी नवऱ्यानं बांधायची

हमीदाआपा, पहिल्या शिबिराला मी पांढरंशुभ्र कापड घेऊन आलो होतो.

पाळीच्या कापडी पॅडसाठी, पांढरं. अख्खं थान. अमरावतीच्या दुकानात उभं राहून, दोन बोटांत चुरगाळून, उजेडात धरून, 'स्वच्छतेचा रंग' असं मनाशी म्हणत मोठ्या रसिकतेनं निवडलं होतं. बाळापूरजवळच्या त्या वस्तीत समाजमंदिराच्या ओट्यावर बायका बसलेल्या. तुम्ही तुमच्या शिलाई मशीनला तेल घालत होतात. मी थान उलगडलं. मग तुम्ही उठून आलात, कापडाला हात लावलात आणि विचारलंत, "मास्तर, कोन मेलं?"

"का?"

"कफनाचं कापड हाय हे. याचे डाग धुता धुता बाईची जिंदगी जाईन."

बायका हसल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच हसल्या आणि मग जरा सैल होऊन बसल्या. माझ्या मूर्खपणाचा तेवढा एक उपयोग झाला.

बरंचसं थान तुम्ही बाळापूरच्या रंगाऱ्याकडून गडद मरून करून आणलंत. उरलेलं पांढरं कापड घडी घालून तुमच्या पेटीत टाकलंत. "राहू द्या. माह्या कामात येईन," म्हणालात. मी हसलो. मला वाटलं, तुम्ही पुन्हा माझी टिंगल करताय.

तुम्ही जाऊन आज बावीस दिवस झाले. परवा संस्थेनं अमरावतीत तुमची शोकसभा घेतली. तिथं माझी जी शोभा झाली ती शेवटी सांगतो, कारण तिचा संबंध दोरीशी आहे आणि दोरीचा संबंध माझ्या खोटेपणाशी. पण सभेबद्दल एवढं आत्ताच सांगून टाकतो: दीड तास सात माणसं तुमच्यावर बोलली आणि एकाच्याही तोंडून 'पाळी' हा शब्द निघाला नाही. एक म्हणाले, "त्या विशिष्ट क्षेत्रात." दुसरे म्हणाले, "भगिनींच्या एका नाजूक प्रश्नावर." तिसऱ्यांनी तर कमाल केली. "त्यांनी समाजाच्या एका ओल्या जखमेला हात घातला," असं म्हणून स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन पाणी प्यायले. नऊ वर्षं तुम्ही ओट्यावर, अंगणात, मशिदीमागच्या बोळात, बुद्धविहाराच्या सावलीत 'पाळी, पाळी, पाळी' असं भाजी विकल्यासारखं खणखणीत ओरडलात. आणि ज्या हॉलमध्ये पंखे होते, माइक होता, खाली सतरंजी होती, तिथं तो शब्द आत यायला घाबरला.

तुमचा फोटो ओळखपत्रावरचा मोठा करून लावला होता. तुम्ही त्यात चोरी पकडल्यासारख्या दिसत होतात. स्टेजच्या एका बाजूला काचेच्या पेटीत तुमचं एक पॅड ठेवलं होतं, प्लास्टिकच्या पाकिटात बंद. ऊन लागू नये म्हणून पेटी सावलीत. आपा, मला तिथं हसू आलं आणि ते लपवायला मी रुमाल काढला. शेजारच्या बाईंना वाटलं मी रडतोय. त्यांनी माझी पाठ थोपटली.

पण मी तरी कुठला मोठा. रिटायर झालेला ड्रॉइंग मास्तर. संस्थेला दोघे हवे होते, एक शिवण शिकवणारी आणि एक पोस्टर काढून 'जनजागृती' करणारा. तुम्ही आयुष्यभर बाळापूरच्या बायकांचे ब्लाऊज आणि शाळेचे गणवेश शिवलेले. मी आयुष्यभर पोरांकडून पेरू आणि सफरचंद काढून घेतलेलं. संस्थेनं जोडी जमवली. पहिलं पोस्टर मी रात्रंदिवस खपून केलं. पाळीचं पोस्टर, पण सभ्य असायला पाहिजे, म्हणून मधोमध भला मोठा गुलाब. त्याच्या पाकळीवर दवबिंदू. वस्तीतल्या गोदाबाई, नदीकाठच्या तुकड्यात वांगी-मेथी पिकवून बाजारात विकणाऱ्या, त्या पोस्टरसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मास्तर, नर्सरी काढून राहिले का?"

पुढच्या वेळी तुम्ही माझ्या हातात खडू दिलात आणि म्हणालात, "फूल नको. पॅड काढा. जसं हाय तसं." मी काढलं. दोन पंख, मध्ये लांबट भाग, टिचबटन. आयुष्यातलं माझं पहिलं खरं चित्र ते.

शिवण्यात अडचण काही नव्हतीच. वरून मऊ सुती, आत फलालीनचे थर, पंखांना टिचबटन. दोन दिवसांत बायका शिकल्या. कोणी तर तुमच्यापेक्षा बारीक टाका घातला. मी अहवाल लिहिला, फोटो चिकटवले, शेवटी 'शिबिर यशस्वी' असं ठळक लिहून खाली रेघ मारली. महिन्यानं तुम्ही म्हणालात, "चाला, पाहून येऊ यशस्वी."

पॅड सापडले खाटेखाली. कोठीमागे. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या ढिगाआड. एकीचं ओल्या लुगड्याच्या पोटात गुंडाळलेलं. तुम्ही त्यातलं एक उचललंत, नाकाशी नेलंत आणि मग माझ्या नाकाशी धरलंत. मी मागे सरकलो. तुम्ही म्हणालात, "सरकू नका. अहवालात लिवा ना, वास कसा हाय थे."

बाहेर अकोल्याचं ऊन होतं. ज्या उन्हात कुरड्या दुपारच्या आत कडक होतात, मिरच्या वाजायला लागतात, पत्र्यावर टाकलेलं पोतं चटका देतं, त्या उन्हात सगळं जगजाहीर वाळत होतं. नवऱ्यांचे बनियान, पोरांची दप्तरं, म्हशीची झूल. फक्त जे उन्हात वाळलंच पाहिजे, तेवढंच अंधारात कुबट होत पडलेलं. एका पोरीच्या मांड्या कातडं सोलल्यासारख्या झाल्या होत्या. ती तुम्हाला आत नेऊन दाखवत होती तेव्हा मी अंगणात उभा राहून आभाळाकडे पाहत होतो. सुशिक्षित माणूस अशा वेळी आभाळाकडेच पाहतो.

त्या दिवशी परतीच्या एसटीत तुम्ही नियम काढलात. शिबिराच्या पहिल्या दिवशी सुई नाही, कात्री नाही. पहिल्या दिवशी फक्त दोरी. घरासमोर, उन्हात, दिसेल अशी. आणि दोरी बाईनं बांधायची नाही, नवऱ्यानं बांधायची. नवरा नसेल तर दिरानं, सासऱ्यानं, मोठ्या पोरानं. ज्या घरी दोरी नाही त्या घरच्या बाईच्या हाती दुसऱ्या दिवशी कात्री नाही.

मी चिडलो. "हा कुठला न्याय, आपा? नवरा नालायक, आणि शिक्षा बाईला?"

"शिक्षा नाई मास्तर. मी तिले शिवनं शिकवलं अन् तिनं थे अंधारात वाळवलं, तं मी तिले बिमारी शिकवली."

"आणि जिच्या घरी पुरुषच नाही?"

"तिच्या घरी माह्या हातची दोरी."

"बायका येणारच नाहीत."

"नका येऊ दे."

खरंच नाही आल्या. तीस बायकांच्या जागी चार. तुम्ही त्या चौघींना घेऊन तितक्याच जोरात बोलत होतात आणि मी रजिस्टर मांडीवर घेऊन संस्थेला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होतो. हा वाद आपण शेवटपर्यंत मिटवला नाही. मला अजूनही वाटतं की अर्धा मी बरोबर होतो. पण ज्याच्या स्वतःच्या घरी दोरी नव्हती, त्याच्या अर्ध्या बरोबरपणाचं कोणी लोणचं घालावं?

आता ते सांगतो. तुमच्यासमोर नऊ वर्षांत सांगितलं नाही, आता सांगतो. यातच माझी लायकी आली.

गोदाबाईंचा नवरा देवराव. सायकलला वांग्याची टोपली बांधून बाजाराला निघालेला, वाटेत समाजमंदिरापाशी थांबला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "आपा, आमच्या घरी हे दोरीचं जमनार नाई. इज्जतीचा सवाल हाय. समोरून मानसं जातात."

तुम्ही मशीनवरून मान वर केली नाहीत. "तुमची चड्डी तीन दिसापासून त्या बाभळीवर लटकून राहिली देवरावभाऊ. मानसं तवाबी जातात."

"चड्डीची गोष्ट अलग हाय."

"काहून? थे काय रेशमाची हाय?"

"अवो, थे चड्डी पाहा ना," गोदाबाई पदराआडून म्हणाल्या, "भोकं पडेल हायेत तिले. मानसं नाई, त्यातून आभाय दिसते."

हशा पिकला. देवरावचा चेहरा काळवंडला. हसू झालेल्या माणसाला कोणीतरी दुसरा हवा असतो. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि त्याला मी सापडलो. पॅन्टशर्ट, चष्मा, मांडीवर रजिस्टर.

"अन् हे मास्तर? आमाले शिकवून राहिले. यायच्या घरी हाय का दोरी? तथी अमरावतीले, कॉलनीत? इचारा ना त्याईले!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. एक बकरी तेवढी चघळत होती.

"आहे ना," मी म्हणालो. "मीच बांधली. पुढच्या गॅलरीत."

देवराव माझ्याकडे पाहत राहिला. मी त्याच्याकडे. मास्तरकीच्या तीस वर्षांत पोरांच्या डोळ्यांत पाहून खोटं बोलायची सवय झालेली, ती कामी आली. मग तो सायकल स्टँडवर लावून घरी गेला, बैलाचं दावं आणलं आणि बाभळीपासून कुडाच्या मेढीपर्यंत असं ताणून बांधलं की त्यावर बैलच वाळू घालायचा असावा. "घ्या," म्हणाला. "मास्तर बांधते तं मी का मेलो हाय?" संध्याकाळपर्यंत वस्तीत आणखी दोऱ्या लागल्या. एकानं तर शेजाऱ्यापेक्षा उंच बांधली.

तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, आपा. टेप न लावता नुसत्या नजरेनं बाईचं माप घ्यायचात तुम्ही, तसं. आणि पुन्हा मशीनवर वाकलात.

त्यानंतर माझी दोरी प्रसिद्ध झाली. अकोटच्या बाजूची वस्ती असो की रिद्धपूरच्या वाटेवरचं गाव, कोणी पुरुष अडून बसला की तुम्ही म्हणायचात, "अमरावतीच्या मास्तरनं बांधली. कॉलनीत. पुढच्या गॅलरीत. तुमी काय कलेक्टर लागून गेले?" मी मान डोलवायचो. माझा स्वभाव असा की नुसती मान डोलवून भागत नाही. मी तपशील भरू लागलो. समोरच्या जोशीबाईंनी विचारलं, 'हे काय वाळतंय?' तर मी ताठ उभं राहून काय उत्तर दिलं, ते. पहिल्या दिवशी खालून जाणारा दूधवाला कसा थबकला, ते. आमच्या समोर जोशीबाई राहतच नाहीत. समोर पाण्याची टाकी आहे.

एकदा अकोटच्या स्टँडवर चहा पिताना तुम्ही सहज विचारलंत, "दोरीचा रंग कोनता म्हने?"

"निळी. नायलॉनची."

"मांगच्या खेपेले हिरवी होती."

"ती… बदलली."

"हो," तुम्ही बशीत चहा ओतत म्हणालात, "नायलॉन उन्हानं कुजते."

मला वाटलं, सुटलो.

आता माझ्या घरातली खरी हकिकत. माझी बायको कुंदा. आमच्या लग्नाला तेव्हाच चोवीस वर्षं झालेली. ती तिचे कपडे कुठं धुते, कुठं वाळवते, हे त्या चोवीस वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं. गावोगाव 'लाज कशाची?' असं खडूनं लिहिणारा मी, घरी मात्र त्या चार दिवसांत पेपर जरा जास्त वेळ वाचायचो. तुम्ही एकदा तिच्यासाठी मरून पॅडचं पाकीट दिलंत. वर पेनानं तुमचा फोन नंबर आणि 'अडचन आली तं फोन कर' असं लिहिलेलं. मी ते पाकीट एसटीत पिशवीच्या तळाशी, भाजीखाली ठेवून आणलं. दारू आणावी तसं. कुंदाच्या हातात देताना म्हणालो, "हे आपांनी दिलंय," आणि टीव्ही लावला.

एका उन्हाळ्यात कूलर सुरू करायला म्हणून मी मागच्या खोलीत गेलो. कूलरच्या मागे, भिंतीला ओल आलेली, तिथं खिळ्याला बांधलेल्या जुन्या नाडीवर ते पॅड टांगलेले होते. वर एक ओला टॉवेल झाकण म्हणून. मी पाहिलं. मग काय केलं सांगू? दार हळूच लोटून घेतलं. आवाज होऊ दिला नाही. कुंदाला संकोच वाटू नये म्हणून, असं मी स्वतःला समजावलं. इतका सभ्य माणूस मी. दुसऱ्या दिवशी बाळापूरला जाऊन पॅड उन्हात का वाळवावेत यावर वीस मिनिटं बोललो, आणि चांगलं बोललो.

पुढं कुंदाला त्रास झाला. ती एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेली. एकटी म्हणजे मी होतो सोबत, बाहेरच्या बाकावर, मासिक चाळत. ती बाहेर आली. "काय म्हणाल्या?" "काही नाही." मी ते 'काही नाही' कृतज्ञतेनं स्वीकारलं आणि आम्ही रसवंतीवर उसाचा रस प्यायलो.

गॅलरी होती, आपा. दक्षिणेकडची. सकाळी नऊ ते चार कडक ऊन. खिळे होते, दोरी होती, बाजारातून मुद्दाम आणलीही होती मी एकदा, ती अजून माळ्यावर आहे. नव्हतं फक्त ते, जे देवरावजवळ होतं. खाली कट्ट्यावर माझे रिटायर मित्र बसतात. माझे जुने विद्यार्थी बायकोपोरांसकट रस्त्यानं जातात, वर पाहून 'सर' म्हणतात. त्यांनी वर पाहावं आणि तिथं… एवढंच. याहून मोठं कारण माझ्याजवळ नाही. शोधलं, पण सापडलं नाही.

तुमची तब्येत बिघडली आणि तुम्हाला अकोल्याच्या दवाखान्यात हलवलं, तेव्हा मी ठरवून आलो होतो की आज सांगायचं. एसटीत वाक्यं पाठ केली. तुम्ही पलंगावर अर्ध्या झालेल्या. तुमची सून नसरीन पायथ्याशी बसून संत्रं सोलत होती. मी म्हणालो, "आपा, एक बोलायचं होतं." तुम्ही डोळे उघडले.

"दोरी कशी हाय मास्तर?"

संधी अशी ताटात वाढून आली होती. मी म्हणालो, "मजबूत आहे."

तुम्ही हसलात. हसताना खोकला आला, नसरीननं पाठ चोळली. श्वास बसल्यावर म्हणालात, "नवी बांधा आता. लय जुनी झाली असन."

ते आपलं शेवटचं बोलणं. मी 'हो' म्हणालो. तेही खोटंच.

मातीला आलो होतो मी. नमाजाच्या वेळी बाजूला चपलांपाशी उभा राहिलो. मग खांदा दिला आणि तीन मुठी माती टाकली. कबरस्तानाच्या भिंतीबाहेर गोदाबाई आणि वस्तीतल्या कितीतरी बायका रस्त्यावर उभ्या होत्या. आत यायचं नाही म्हणून बाहेर, पण जागेवरून हलेनात. देवराव त्यांच्या पुढे उभा होता, टोपी हातात घेऊन. मला म्हणाला, "मास्तर, तुमच्याच्यानं बांधली मी तवा. नाई तं नसती बांधली." मला तिथल्या तिथं खड्ड्यात उतरावंसं वाटलं. पण तो तुमच्या नावाचा होता.

आठवड्यानं मी तुमच्या घरी बसायला आलो. नसरीननं चहा ठेवला आणि म्हणाली, "मास्तर, अम्मीच्या पेटीत पांढरं कापड होतं. नवंकोरं. चिठ्ठी लावून ठेवलं होतं, मास्तरचं कापड, माह्यासाठी. आमी त्याच्यातच लपेटलं अम्मीले."

मी चहाचा कप खाली ठेवला. कापड निवडताना ते उजेडात धरलेलं मला आठवलं. 'स्वच्छतेचा रंग.' नऊ वर्षं पेटीत. म्हणजे त्या दिवशी तुम्ही टिंगल करत नव्हतात. किंवा करतही होतात. तुमच्याबाबतीत दोन्ही एकदम खरं असायचं आणि मला कधी एकही वेळेवर कळलं नाही. आयुष्यात मी तुम्हाला एक गोष्ट बरोबर मापाची आणून दिली, ती ही.

तर आता परवाची सभा. सहा जणांचं झाल्यावर सातवे म्हणून संस्थेचे अध्यक्ष उठले. हा माणूस नऊ वर्षांत एकदा वस्तीत आला होता, तोही गाडीतून खाली न उतरता. त्यांनी काचेच्या पेटीकडे हात करून म्हटलं, "हमीदाताईंनी या… या उत्पादनाला प्रतिष्ठा दिली." आपा, उत्पादन! मग त्यांची नजर माझ्यावर पडली. "आणि या कार्यात पुरुषही मागे नव्हते. आपले मास्तर इथे बसले आहेत. ज्यांनी स्वतःच्या घरी, स्वतःच्या हातानं दोरी बांधून समाजापुढे आदर्श ठेवला. मी विनंती करतो, त्यांनी दोन शब्द बोलावेत."

टाळ्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत हेही त्या हॉलला माहीत नव्हतं.

मी माइकपाशी गेलो. समोर तुमचा तो चोरी पकडलेला फोटो. त्या सात जणांना मी दीड तास मनातल्या मनात हिणवत बसलो होतो. आता माझी पाळी होती. घसा खाकरला. दोन शब्द बोललो. "आपा गेल्या." मग खाली येऊन बसलो. लोक म्हणाले, "भावनावश झाले." सातांत आठवा मी. त्यांना एक शब्द उच्चारायची लाज होती, मी ज्या शब्दावर नऊ वर्षं टाळ्या घेतल्या त्याचा पत्ता माझ्या घरात नव्हता. त्यांच्यात मी जास्त हलका. ते निदान काचेच्या पेटीत तरी दाखवत होते.

म्हणून काल सकाळी दहा वाजता, चांगलं ऊन तापल्यावर, मी माळ्यावरून ती दोरी काढली. कुजली नव्हती, कारण तिला ऊन लागलंच नव्हतं. स्टूल घेऊन गॅलरीत चढलो. पहिला खिळा वाकला. दुसरा भिंतीचा पोपडा घेऊन खाली कट्ट्यावर पडला. रिटायर मंडळींनी माना वर केल्या. "काय चाललंय सर?" "दोरी बांधतोय," मी ओरडलो. तिसरा खिळा बसला.

हातोड्याचा आवाज ऐकून कुंदा आली. हातात मेथीची जुडी. "काय करून राहिले?"

"दोरी."

"काहून?"

मी स्टूलावर उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाळापूर, देवराव, बैलाचं दावं, निळी दोरी, हिरवी दोरी, जोशीबाई, दवाखाना, परवाची सभा. कूलरच्या मागचंही सांगितलं. दार लोटून घेतल्याचं. ती खाली बसून मेथी निवडत होती. मध्येच देठ तुटल्याचा आवाज यायचा.

"आपांना कधी सांगता आलं नाही," मी शेवटी म्हणालो. "त्या गेल्या, पण त्यांना माहीत नव्हतं की…"

"मालूम होतं त्याईले."

"काय?"

"मीच सांगतलं. थे पाकीट पाठोलं होतं ना त्याईनं, नंबर लिहून? तवाच फोन केला मी. त्याईनं पयले हेच इचारलं, दोरी कशी हाय वं? म्हटलं, कोनची दोरी?"

माझ्या हातातली दोरी तशीच राहिली. "मग?"

"मंग हासल्या. म्हने, राहू दे बाई. तुहा मास्तर खोटा हाय, पन त्याच्या एका खोट्यावर मी गावच्या गाव खऱ्या दोऱ्या बांधून घेऊन राहिली. आता पकडलं त्याले, तं लाजून घरी बसन. मंग माह्या पोस्टरवर पॅड कोन काढन?"

"आणि तू? तू काही बोलली नाहीस?"

"मले कोनं इचारलं?" ती म्हणाली आणि पुढची जुडी सोडली.

आपा, मी नऊ वर्षं समजत होतो की मी तुम्हाला फसवतोय. तुम्ही मला खिळ्यासारखं वापरत होतात. वाकडा आहे हे पाहून, मुद्दाम, जिथं वाकडाच बसतो तिथं. मला राग यायला हवा होता. आला नाही. डोळ्यांत काहीतरी आलं, ते मी भिंतीच्या चुन्यावर ढकललं. तुमचे आभार मानायचे की माफी मागायची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, आधी गाठ नीट मारा.

मी गाठ मारली. सुटली. पुन्हा मारली. ओढून पाहिली, बसली. दोरी गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणली गेली, भर उन्हात, कट्ट्यावरच्या सगळ्या चष्म्यांसमोर. स्टूलावरून उतरलो, हात झटकले आणि जरा मोठ्यानंच, खालीही ऐकू जाईल असं म्हणालो, "झालं. आता तुझं सगळं इथंच वाळू घालायचं, कुंदा. पुढं. उन्हात. कोणाच्या बापाला भ्यायचं नाही."

कुंदानं आधी दोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मेथीची पानं परातीत टाकली आणि उठता उठता म्हणाली,

"माही पाळी बंद होऊन पाच वर्षं झाली. आता तुमच्या चड्ड्या घाला वाळू."